दुसरं सत्र आजीच्या भरवशावर

महाराष्ट्रातल्या शाळेचं वर्ष जूनच्या मध्याला सुरू होतं आणि एप्रिलच्या परीक्षांनी संपतं. साखर कारखान्याचं वर्ष दसरा-दिवाळीच्या सुमाराला बॉयलर पेटला की सुरू होतं आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की संपतं. राज्यातल्या बहुतेक घरांना या दोन वेळापत्रकांचा एकमेकांशी काही संबंध असतो हेसुद्धा जाणवत नाही. पण पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, पलीकडे पाथर्डी, शेवगाव, जामखेड या बालाघाटाच्या अंगाखांद्यावरच्या तालुक्यांत ती एकाच घरात समोरासमोर येतात. आईबाप ऊसतोडीला निघतात, आणि त्यांच्याबरोबर निघालेल्या मुलाच्या वाट्याला शाळेचं पहिलं सत्र येतं, दुसरं येत नाही. दिवाळी अंक चाळायची सवड मिळते त्याच दिवसांत तिकडे ट्रक-ट्रॅक्टर भरत असतात. ऊसतोड कामगारांची नेमकी मोजणी कुणाकडेच नाही. अंदाज दहा लाखांच्या मागेपुढे फिरतात. त्यांची मुलं त्या अंदाजातही धड नसतात.

मुलाच्या वाढीला घर, शाळा आणि गाव या तिघांची साथ लागते, हे वाक्य शिक्षणावरच्या प्रत्येक परिसंवादात ऐकू येतं आणि त्याला कुणी विरोध करत नाही. ज्या वाक्याला कुणीच विरोध करत नाही, त्यातून सहसा काही घडतही नाही. ते पारखायचं तर जिथे या तिघांपैकी एक जण सहा महिने हजरच नसतो अशा ठिकाणी पारखायला हवं. ऊसतोडीची गावं ही अशी जागा आहे. तिथे दिसतं ते असं, की एकत्र येणं म्हणजे तिघांनी सारखा भार उचलणं नव्हे. कुणी गैरहजर असेल तेव्हा त्याचं काम कोण करणार हे आधी ठरलेलं असणं, आणि जो ते करतो त्याला हक्क, अधिकार आणि पैसा मिळणं, हा त्या एकत्र येण्याचा खरा अर्थ. महाराष्ट्राने यातला पहिला अर्धा भाग बराचसा जमवला आहे. दुसरा अजून कागदावरही आलेला नाही.

आधी त्या आरोपाचं बघू, जो या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत पहिल्या पाच मिनिटांत होतो: पालकच उदासीन आहेत. ऊसतोडीत मजुराची मोजणी माणसांनी होत नाही, कोयत्यांनी होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस हा अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी जोडीला उचल देतो, ती पन्नास हजारांपासून लाखाच्या वर जाते, आणि ती तोडणीतून फेडायची असते. खाडा झाला की तो अंगावर चढतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाचा दर साडेतीनशेच्या वर गेला. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते, मोळ्या बांधते, गाडी भरते. म्हणजे घरातली कमाई बाईच्या हातांवर निम्मी अवलंबून आहे, आणि बाईचे हात मोकळे राहण्यासाठी कडेवरचं मूल दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला हवं. ते सांभाळते आठ-दहा वर्षांची बहीण. कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, पाणी भरून ठेवणं, भाकरीची तयारी, उसाचे वाढे गोळा करणं हीही तिचीच कामं. तिला फडावर नेणारे आईबाप शिक्षणाला किंमत देत नाहीत असं म्हणणं सोपं आहे. ते हिशेब करतात, आणि त्या हिशेबात शाळेकडून त्यांना मिळणारी कोणतीही गोष्ट तान्ह्या बाळाला सांभाळत नाही.

हिशेबाची दुसरी बाजूही आहे. मागे ठेवायचं तर कुणाकडे? वयात आलेली मुलगी गावात एकटी ठेवली तर जीव टांगणीला, फडावर नेली तर उघड्यावरच्या कोपीत तिचं रक्षण कोण करणार ही धास्ती. या दोन्ही भीतींवर समाजाने शोधलेला तोडगा म्हणजे लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीडमध्ये ते प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दुप्पट. बालविवाहाला परंपरा जबाबदार आहे असं म्हणून थांबणाऱ्यांनी हा आकडा कोयत्याच्या हिशेबाशेजारी ठेवून पाहावा. लग्न झालं की मुलीची काळजीही मिटते आणि एक नवा कोयताही उभा राहतो.

अशा मुलांसाठी शाळेने काय करायचं, या प्रश्नाचं एक उत्तर महाराष्ट्रात फार जुनं आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला बालवाडी काढली तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात. धाकट्या भावंडांना सांभाळायचं होतं, अंगावर धड कपडे नव्हते, आणि त्या इमारतीत आपल्याला जागा आहे यावर घरच्यांचा विश्वास नव्हता. मग बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं, तिथे वारली मुलं गुरांमागे जात, तर शिक्षक कुरणावर गेले आणि कुरणशाळा झाली. १९७५ मध्ये केंद्राने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. नाव पसरलं तेवढी पद्धत पसरली नाही. अंगणवाडी आज एक खोली आहे, तिला पत्ता आहे, नोंदवही आहे, आणि मूल त्या पत्त्यावरून हललं की तिचं त्याच्याशी नातं सुटतं. २०२२ पासून राज्याने स्थलांतरित गरोदर मातांचा आणि बालकांचा माग ठेवणारी संगणकीय व्यवस्था उभी केली, ती चांगलीच गोष्ट. पण नोंद एका गावातून दुसऱ्या गावात गेली म्हणून फडाजवळच्या तळावर पाळणाघर उभं राहत नाही.

कुरणशाळेचाच धागा ऊसतोडीत साखरशाळेने पकडला होता. कारखान्याच्या आवारात, तळाजवळ, हंगामापुरती शाळा. ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी दोन हजार सालानंतरच्या दशकात त्या मोठ्या संख्येने चालवल्या. मग १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि साखरशाळांच्या पायाखालची जमीन सरकली. कायद्याचा रोख योग्यच होता: गरिबाच्या मुलाला चटईवरची हंगामी शाळा आणि इतरांना खरी शाळा, असा भेद नको. प्रत्येक मूल नियमित शाळेत, वयानुरूप वर्गात. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश होईल हे पाहण्याची जबाबदारी कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकली. पण प्रत्यक्षात याचा अर्थ असा झाला, की नोव्हेंबरच्या मध्यात कोल्हापूर किंवा सांगलीतल्या एखाद्या गावात उतरलेल्या मुलाने, तळापासून दोन-तीन किलोमीटरवरच्या अनोळखी शाळेत, पहिलं सत्र संपल्यावर जाऊन बसायचं, आणि वार्षिक परीक्षेआधी निघून जायचं. तोड संपली की टोळी पुढच्या फडावर सरकते, तेव्हा कधी कधी हंगामातच शाळा दोनदा बदलायची. बेळगाव भागात गेलेल्याच्या समोर फळ्यावर कन्नड. राज्याने शिक्षण हमी कार्ड काढलं, ते दाखवलं की नव्या शाळेत दाखल करून घ्यायचं. कार्डाने दार उघडतं. तळापासून दारापर्यंत मुलाला कोण नेऊन सोडणार, हा प्रश्न पहाटे चारला फडावर गेलेल्या आईबापांपुढे तसाच राहतो.

यातूनच उलट्या दिशेचा मार्ग महत्त्वाचा ठरला. मुलाच्या मागे शाळेने जायचं की मुलालाच त्याच्या शाळेत राहू द्यायचं? सर्व शिक्षा अभियानाच्या काळात रुजलेली आणि आता समग्र शिक्षेखाली चालणारी हंगामी वसतिगृहं हे या दुसऱ्या मार्गाचं रूप. वसतिगृह हा शब्द ऐकून डोळ्यांसमोर इमारत आणि खाटा येतात, त्या इथे शोधू नयेत. गावातलीच जिल्हा परिषद शाळा, तिच्यात शिकणारीच मुलं. दुपारचं जेवण शालेय पोषण आहारातून मिळतंच. त्याला सकाळचं खाणं आणि संध्याकाळचं जेवण जोडायचं, संध्याकाळी अभ्यासाला एकत्र बसवायचं, आणि अनेक गावांत रात्री मुलं मागे राहिलेल्या आजी-आजोबांकडे, चुलत्यांकडे झोपायला जातात. पैसा शाळा व्यवस्थापन समितीमार्फत खर्च होतो, स्वयंपाक गावातलीच बाई करते. शासनाच्या योजनांमध्ये इतकी साधी आणि इतकी शहाणी रचना क्वचित सापडते. म्हाताऱ्या माणसाला नातवंडं सांभाळणं जड जातं ते मुख्यतः चूल पेटवण्यामुळे आणि धान्य पुरवण्यामुळे. तो भार शाळेने उचलला. शाळेला रात्र सांभाळता येत नाही. ती आजीने उचलली. आणि मुलाची शाळा, शिक्षक, भाषा, मित्र, अंथरूण यातलं काहीच बदललं नाही.

मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात मुलाच्या विकासाचा विचार घर किंवा शाळा असा सुटा न करता त्या दोहोंमधल्या दुव्यांवर भर देऊन केला. अमेरिकेत १९६५ मध्ये गरीब मुलांसाठी सुरू झालेल्या ‘हेड स्टार्ट’ची आखणी करणाऱ्यांत ते होते, आणि त्या कार्यक्रमात पालकांना सुरुवातीपासून जागा होती. त्यांच्या मांडणीचा आपल्या प्रश्नाला लागू पडणारा भाग एवढाच, की चांगलं घर आणि चांगली शाळा असूनही दोन्ही एकमेकांना ओळखत नसतील तर मुलाला त्यांचा लाभ अर्धाच होतो. हंगामी वसतिगृह हा असा दुवा आहे. गुरुजींना आजीचं घर माहीत असतं, आजीला गुरुजींचं नाव माहीत असतं, आणि पोरगं संध्याकाळी पंगतीला नाही दिसलं तर दहा मिनिटांत शोध लागतो. ही ओळख शंभर मुलांच्या निवासी इमारतीत विकत घेता येत नाही.

आता या रचनेतला दोष, जो मला तिच्या गुणाइतकाच ठळक वाटतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक किंवा संरक्षक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळायला हवी. वसतिगृह या समितीने चालवायचं. पण ते चालतं नोव्हेंबर ते एप्रिल, आणि ज्यांची मुलं तिथे जेवतात ते पालक नेमके त्याच महिन्यांत गावात नसतात. म्हणजे समितीत ते निवडून आले तरी गैरहजर, आणि निवडून आले नाहीत तर निर्णय अशांच्या हाती, ज्यांचं मूल त्या पंगतीत नाही. किती मुलं जेवली, भाजीत काय होतं, रात्री दिवा होता का, हे ज्यांना कळतं ते आजी-आजोबा कुठल्याच यादीत नाहीत. कायद्यात ‘संरक्षक’ हा शब्द आहे. हंगामापुरतं मूल ज्याच्या ताब्यात आहे तो संरक्षक मानून समितीत बसवायला कायदा बदलण्याची गरज नाही. ठराव करण्याची आहे.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसं घेतील, आणि तो दणकट आहे: ही वसतिगृहं कागदावरची. बीडमध्ये फुगवलेल्या पटाच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या, आईबापांबरोबर फडावर गेलेली मुलं इथल्या हजेरीत जेवत राहिली. तक्रारींत तथ्य नाही असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण उपाय काय सुचतो? बहुधा अंगठ्याचं यंत्र, छायाचित्रं, जिल्ह्याहून तपासणी. हे सगळे उपाय देखरेख गावापासून लांब नेतात. पन्नास मुलं जेवतात की पंधरा, हे गावातल्या प्रत्येक म्हातारीला माहीत असतं. तिला विचारणारी ग्रामसभा मात्र भरत नाही, आणि भरली तर ती बोलावी अशी तिची पत कुणी तिला दिलेली नसते. खोटा पट टिकतो तो लाभार्थ्याचा माणूस समितीत नसल्यामुळे. यंत्र हवं तर ठेवा, पण आधी आजीची सही लागू द्या.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो मला हलका वाटत नाही. सहा महिने आईबापांपासून मूल तोडायचं आणि वर त्याला विकास म्हणायचं? सहा वर्षांखालच्या मुलासाठी हा आक्षेप मान्यच करायला हवा. अंगावर पिणारं, नुकतं चालायला लागलेलं मूल आईजवळच राहणार, राहायला हवं; तिथे योजनेने आईच्या मागे जायचं आहे, तळावर पाळणाघर आणि आहार घेऊन, आणि ते कारखान्याच्या दारात घडायला हवं कारण कामाचा धनी तिथे आहे. हे झालं तर एक आणखी गाठ सुटते: धाकट्याला सांभाळायला म्हणून नेली जाणारी बहीण मोकळी होते. मोठ्या मुलीचं शिक्षण आणि तान्ह्याचं पाळणाघर या दोन वेगळ्या खात्यांच्या दोन वेगळ्या फायली आहेत, घरात तो एकच प्रश्न आहे. प्राथमिक वयात मात्र तुलना आईच्या कुशीशी नसते. मूल फडावर गेलं तरी आई पहाटे निघून अंधारात परततेच. निवड आहे ती कोपीतला एकटा दिवस आणि आजीकडची रात्र यांच्यात.

तिसरा आक्षेप असा, की अर्धवट सोयींपेक्षा चांगली पूर्ण निवासी वसतिगृहं का नकोत? राज्याने २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह योजना मंजूर केली, ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर जागा. पाचवीच्या पुढे, जिथे गावात वर्गच नाही आणि मुलीला रोज चालत जावं लागतं, तिथे याला पर्याय नाही. बालविवाहाच्या दाराला लावता येईल असा खरा अडसर हाच, आणि मुलींची वसतिगृहं आधी पूर्ण करावीत असं माझं मत आहे. पण ८२ गुणिले १०० म्हणजे आठ हजार दोनशे जागा. त्या कुणाला द्यायच्या हे ठरवताना सात वर्षांच्या मुलाला तालुक्याच्या ठिकाणी खाटेवर पाठवण्याऐवजी त्याला त्याच्या गावात ठेवून जागा बारा-पंधराच्या मुलीसाठी राखणं जास्त शहाणपणाचं. इमारतीचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते. आजीच्या ओट्यावर झोपणाऱ्या नातवाचं उद्घाटन होत नाही, त्यामुळे कुठल्या योजनेकडे पुढाऱ्यांचं लक्ष जास्त जातं हे वेगळं सांगायला नको.

काहींच्या मते या सगळ्याने स्थलांतरालाच मान्यता मिळते, आणि खरा उपाय पाणी आणि गावात रोजगार हा आहे. असेलही. त्याची वाट पाहताना प्रत्येक वर्षी एक इयत्ता निसटते. तोडणी यंत्रं येतील तेव्हा ऊसतोडच उरणार नाही, हे भाकीतही दशकभर ऐकू येतं आहे. यंत्रांना अनुदान मिळतं, त्यांची संख्या वाढते, तरी लहान तुकड्यांच्या, चढ-उताराच्या, जवळजवळ सऱ्या असलेल्या रानात कोयताच चालतो. आणि यंत्राने कोयता हटवला तरी ती जोडी वीटभट्टीवर जाईल. तिथे उचलही आहे आणि हंगामही, जवळजवळ तेच महिने.

राहिला पैसा. इथेही अडचण नसण्याची नाही, कशासाठी मोजायचा त्याची आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच शासनाने घालायचे असं ठरलेलं आहे. अलीकडच्या हंगामांत राज्यात साडेआठशे ते पावणेअकराशे लाख टन ऊस गाळला गेला. म्हणजे कारखान्यांच्या बाजूने वर्षाला ८५ ते १०७ कोटी, शासनाचा वाटा धरून दुप्पट. वसुली पूर्ण होते की नाही हा वेगळा वाद. पण हा पैसा तोडलेल्या प्रत्येक मोळीतून येतो, आणि त्यातला एक हिस्सा हंगामभर मूल सांभाळणाऱ्या नातेवाइकाला दरमहा थेट मिळावा, अशी मागणी अवाजवी नाही. राज्याला ही कल्पना परकी नाही. सावित्रीबाई फुले यांच्या नावाच्या बालसंगोपन योजनेत निराधार किंवा एकपालक मुलांच्या कुटुंबातल्या संगोपनासाठी मुलामागे दरमहा २,२५० रुपये दिले जातात. तिथे तत्त्व मान्य आहे, की मूल संस्थेत टाकण्यापेक्षा घरात ठेवणं बरं आणि घराला त्याचा खर्च द्यावा. हंगामापुरते आईबाप नसणाऱ्या मुलाला तेच तत्त्व का लागू नसावं? कुणी म्हणेल, आजीने नातवाला सांभाळायचे पैसे घ्यायचे का. नात्याचा बाजार होईल. हे बोलणाऱ्यांच्या घरी पाळणाघराची फी बहुधा दर महिन्याच्या एक तारखेला भरली जाते. वृद्धापकाळच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर आणि रेशनवर जगणाऱ्या बाईच्या घरात तीन जादा मुलं रात्री झोपतात, आजारी पडतात, दवाखान्यात न्यावी लागतात. त्याचा खर्च तिची माया भरून काढते म्हणून योजना स्वस्त दिसते.

हे सगळं कधी ठरवायचं याचंही एक वेळापत्रक आहे, आणि ते पुन्हा कारखान्याच्याच वर्षावर बेतावं लागेल. पट्टा पडल्यापासून दसऱ्यापर्यंत आईबाप गावात असतात. शाळा व्यवस्थापन समितीची निवड, हंगामी संरक्षकांची नावं, कुठलं मूल कुणाकडे झोपेल, कुणाच्या खात्यावर पैसे जातील, हे याच महिन्यांत त्यांच्यासमोर ठरलं पाहिजे. सध्या वसतिगृहाची मंजुरी आणि निधी टोळ्या निघून गेल्यानंतर आला की आईबापांना नुसत्या आश्वासनावर मूल मागे ठेवायला सांगावं लागतं, आणि ते ठेवत नाहीत. सप्टेंबरअखेर यादी, मंजुरी आणि पहिला हप्ता शाळेत पोहोचलेला असेल, तर मुकादमाची गाडी दारात लागण्याआधी घराला निवड करता येते.